कर्व्यांचा बायकांसाठी वेगळा अभ्यासक्रम: उपकार की कमीपणा?

त्रिज्या:
आईच्या ट्रंकेत आजीची गृहशास्त्राची वही सापडली. आजी हिंगण्याला, कर्व्यांच्या संस्थेत शिकलेली. वळणदार अक्षरात 'डाग काढणे': शाई, हळद, गंज. गंजाला लिंबू-मीठ. आणि मागच्या पानावर पेन्सिलीने चक्रवाढ व्याजाची गणितं, कुणी न सांगता सोडवलेली.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. १९१६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं, जपानच्या महिला विद्यापीठाची पुस्तिका वाचून. मातृभाषेतून शिक्षण, उत्तमच. पण जोडीला गृहशास्त्र कशाला? वर्षानुवर्षं फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवलेला हा माणूस! सुधारक आगरकर केव्हाच सांगून गेले होते, मुलामुलींना एकच शिक्षण द्या आणि तेही एकत्र. बाईला बुद्धी आहे हे मान्य, तर मग पंगत वेगळी का?

वाईदेशी:
आगरकर १८९५ ला गेले. त्यांचे लेख वाचून किती बापांनी पोरी मुलांच्या वर्गात बसवल्या? कर्व्यांकडे यायच्या त्या केशवपन झालेल्या विधवा. "शिकून काय दिवे लावणार?" म्हणणाऱ्या सासऱ्याला "घर नीट चालवेल" एवढंच उत्तर पचायचं. ती युक्ती होती हो.

त्रिज्या:
युक्ती कसली? १९१५ च्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून ते हेच बोलले: दर्जा समान, पण बायकांचं कार्यक्षेत्र वेगळं. ते त्यांचं मतच होतं.

जुना_खोडरबर:
गृहशास्त्राला एवढी नाकं का मुरडता? आहार, रोगजंतू, हेही शास्त्रच. १८८४ ला पुण्यात हुजूरपागा ही मुलींची शाळा निघाली, तिच्या अभ्यासक्रमावर टिळकांच्या पत्रांनी झोड उठवली होती. त्या मानाने कर्वे फार पुढचे.

त्रिज्या:
शास्त्र आहे ना, मग पोरांनाही शिकवा! आमच्या शाळेत नववीत मुलांना टेक्निकल, आम्हाला शिवण. मी काजं करत बसले, भाऊ होल्डरला वायर जोडायला शिकला. अजून फ्यूज उडाला की मी त्याला हाक मारते आणि त्याच्या शर्टाची बटणं माझ्याकडे येतात.

गोधडी:
तुमचं सगळं पुण्याच्या पांढरपेशा पेठांमध्येच चाललंय. १८५५ साली मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. फुल्यांच्या शाळेत जेमतेम तीन वर्षं शिकलेली. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमच्याजवळ धर्मपुस्तकच नाही, मग आमचा धर्म कोणता, असा तिचा बिनतोड सवाल. तिला कुणी डाग काढायला शिकवलं नव्हतं. बाईला तर्क झेपतो की नाही, हा वाद तिथेच मिटायला हवा होता.

वाईदेशी:
मुक्ताबाईंपुढे बोलणं खुंटलं. पण त्या एकीवरून गावोगावच्या बापांची मनं वळली नाहीत, हेही खरंच. कर्व्यांच्या विद्यापीठाच्या १९२१ च्या पहिल्या पदवीधर पाचच. तेवढ्यासाठीही केवढी यातायात! असो. त्रिज्याताई, आजींची गणितं बरोबर होती का?

त्रिज्या:
चार बरोबर. पाचव्यात तीन वर्षांऐवजी दोनच धरली होती. मग खोडून खाली पुन्हा मांडलंय.