से कॅथेड्रलचा पडलेला मनोरा चित्रात काढू द्यावा का?

प्रश्न (फोंडा)
नमस्कार. मी शाळेत चित्रकला शिकवते. मागच्या खेपेला मुलांना जुने गोवे येथे से कॅथेड्रलसमोर बसवले, तेव्हा नववीतील एका मुलीने दर्शनी भागाच्या दोन्ही अंगांना मनोरे काढले आणि ‘बाई, एका बाजूला रिकामे वाटते’ असे सांगितले. उत्तरेकडील मनोरा १७७६ साली कोसळला आणि पुन्हा उभा राहिला नाही, हे सांगून मी तिला तो खोडायला लावला. पण तेव्हापासून मन स्वस्थ नाही. नामवंत चित्रकारांनी कॅथेड्रल आणि चौक रंगवताना असे बदल केले आहेत का?

उत्तर (मडगाव)
बाई, अवश्य केले आहेत. चित्रकार जेंतिले बेल्लिनीने १४९६ साली व्हेनिसच्या सेंट मार्क चौकातील मिरवणूक रंगवली, तेव्हा उंच घंटामनोरा त्याने सरळ उजवीकडे सरकवला, जेणेकरून मागचा डोजचा, म्हणजे व्हेनिसच्या शासनप्रमुखाचा, राजवाडा दिसावा. मात्र त्याच चित्रात चौकातील सेंट मार्क बासिलिका या चर्चच्या कमानींवरील मोझेक (रंगीत तुकडे जडवून केलेली चित्रे) त्याने इतक्या निष्ठेने टिपले, की पुढे त्यांतील एक वगळता सारे बदलले गेल्यावर जुन्या रूपाची साक्ष द्यायला हेच चित्र उरले. मनोरा हलवणारा हात मोझेकशी प्रामाणिक राहिला, हे मला फार मोलाचे वाटते.

उत्तर (पणजी)
वरील मत मला मान्य आहे, पण एक फरक लक्षात घ्यावा. बेल्लिनीने असलेली वस्तू हलवली; इथे नसलेली वस्तू उभी राहते. उजवीकडचे ते रितेपण हाच या इमारतीचा इतिहास आहे, म्हणून मी ते राखले असते. मुलीला मात्र खोडायला न लावता दुसऱ्या कागदावर ‘१७७६ पूर्वी’ असे लिहून तेच चित्र पुन्हा काढायला सांगावे. शिवाय चौक विसरू नये. आज जिथे हिरवळ आहे, तिथे एकेकाळी सबायोचा चौक होता. ‘सबायो’ म्हणजे विजापूरचा आदिलशहा, आणि त्याच्याच वाड्यात पुढे इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मद्रोहाचा तपास करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचे, कार्यालय बसले. तो वाडा आता नाही. नुसती इमारत कागदभर काढली, तर मुलांना हे काहीच जाणवणार नाही.

प्रश्नकर्ती (फोंडा)
दोघांचेही मनापासून आभार. त्या मुलीशी बोलून मी दुसरा कागद देणार आहे. रंगकामाला कोणती वेळ बरी?

उत्तर (मडगाव)
दर्शनी भाग पूर्वेकडे असल्यामुळे दहाच्या आत बसावे. दुपारनंतर तो सावलीत जातो आणि चुन्याचा पांढरा रंग निळसर राखाडी दिसू लागतो. पावसाळ्यानंतर कडांवरून उतरलेले शेवाळाचे काळे ओघळ मुले घाण समजून टाळतात, ते जरूर काढायला सांगा. रस्त्यापलीकडच्या बॉम जेझू चर्चचा गिलावा काढलेला असल्याने तेथील तांबडे चिरे उघडे दिसतात. एकाच कागदावर तो तांबडा आणि हा पांढरा शेजारी लावून पाहायला सांगितले, तर मुले पांढऱ्यात किती रंग असतात हे आपणच शोधू लागतील.