डोमेन एकीकडे, होस्टिंग दुसरीकडे: शहाणपणा की नसती उठाठेव?

खटपट्या (धागाकर्ता)

काल आमच्या उद्योजक गटावर एक ढकलपत्र आलं. लिहिणारे कुणी 'डिजिटल ग्रोथ कोच' आहेत. सारांश असा: छोट्या धंद्यानं डोमेन (साइटचं नाव) आणि होस्टिंग (साइटच्या फायली ठेवायची भाड्याची जागा) एकाच कंपनीकडून घ्यावं. डोमेन फुकट मिळतं, एक बिल, एक पासवर्ड. वेगवेगळं घ्या म्हणून सांगणारे लोक उगाच घाबरवून स्वतःचं दुकान चालवतात. खाली चाळीसेक अंगठे. तिथे लिहिलं असतं तर गटातून काढलं असतं, म्हणून इथे.

दापोलीजवळ माझ्या मेहुण्याचं होमस्टे आहे, उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्याही जातात. साइट मी बघतो. दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी वर्डप्रेसच्या एका जुन्या प्लगइनमधून कुणीतरी घुसलं आणि आमच्या नावानं स्पॅम सुटला. होस्टिंगवाल्यांनी खातं बंद केलं. इथवर त्यांची चूक नाही, त्याच सर्व्हरवर आणखी शेकडो लोकांचा संसार असतो. पण खातं बंद म्हणजे लॉगिनच बंद, आणि डोमेनही त्याच लॉगिनच्या आत. माझ्याकडे बॅकअप होता. दुसऱ्या कंपनीकडे संध्याकाळपर्यंत साइट उभी केली. पण नेमसर्व्हर (नावाचा पत्ता कुठे विचारायचा ती नोंद) बदलायला आत शिरणार कुठून? अकरा दिवस तिकिटावर तिकीट. मेलही त्याच नावावर, त्यामुळे ऑर्डरी येतायत की नाही तेही कळेना. तयार हापूस कुणाच्या सपोर्ट टीमसाठी थांबत नाही.

डोमेन म्हणजे सातबारा, होस्टिंग म्हणजे भाड्याचा गाळा. गाळेवाल्याशी बिनसलं तर सामान उचलून दुसरीकडे जाता येतं. सातबाराच त्याच्या कपाटात ठेवला असेल तर? आणि ते 'फुकट' डोमेन: पहिलं वर्ष फुकट, दुसऱ्या वर्षाचं बिल बघा. पैसे परत मागायला गेलात तर डोमेनची किंमत कापून घेतात, हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

निवांत_नाना

दोन घरचा पाहुणा उपाशी. म्हण उगाच नाही पडली.

चौदा वर्षं डोमेन, होस्टिंग, मेल सगळं एकाच ठिकाणी आहे. एक फोन नंबर, एक बिल, जीएसटीची एक पावती. एकदाही अडलं नाही. उलट पुतण्यानं असल्याच सल्ल्यानं दोन ठिकाणी घेतलं. साइट बंद पडली की होस्टिंगवाले म्हणतात तुमच्या डीएनएसमध्ये (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेत) घोळ आहे, डोमेनवाले म्हणतात सर्व्हर उत्तर देत नाही. पोरगं मध्ये टेबल टेनिसच्या चेंडूसारखं. होस्टनं आयपी (सर्व्हरचा आकडी पत्ता) बदलला, कळवलंही होतं, पण ए रेकॉर्ड (डीएनएसमधली त्या पत्त्याची नोंद) बदलायला डोमेनचा पासवर्ड कुणालाच आठवेना. चार दिवस.

आणि सातबाऱ्याची उपमा साफ चूक. सातबारा बापजाद्यांपासून चालत येतो. डोमेन तुमचं कधीच होत नाही, एका वेळी फार तर १० वर्षांपर्यंत भरता येतं, मग पुन्हा भरा. त्यापेक्षा सिडकोची ६० वर्षांची लीज बरी.

कुजकट

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. नाना, चौदा वर्षं अपघात झाला नाही म्हणून हेल्मेट नको म्हणणारे आमच्या पुण्यात बरेच आहेत.

निवांत_नाना

मी हेल्मेट घालतो. दोन-दोन घालत नाही.

रूट_काका

दोघंही दोनच गोष्टी मोजताय, आहेत तीन. नाव कुणाकडे नोंदलं, त्या नावाचं डीएनएस कोण सांभाळतं, आणि फायली कुठे आहेत. २१ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेत डिन नावाच्या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला तेव्हा ट्विटरचे सर्व्हर ठणठणीत होते, तरी लोकांना ट्विटर दिसेना. नाव जागच्या जागी, फायली जागच्या जागी, पत्ता सांगणाराच आडवा.

खटपट्या, तुमच्या प्रकरणात डीएनएस तिसरीकडे असतं तर डोमेनला हातही न लावता पाच मिनिटांत आयपी बदलला असता. नेमसर्व्हर बदलायची गरजच पडली नसती. आणि नाना, तुमच्या पुतण्याचा प्रश्न दोन कंपन्यांचा नाही, पासवर्ड लिहून न ठेवण्याचा आहे.

जाता जाता: 'अठ्ठेचाळीस तास थांबा' हे सपोर्टवाल्यांचं पालुपद ऐकलं की डोकं फिरतं. डॉट कॉमच्या रजिस्ट्रीत (सगळ्या डॉट कॉम नावांच्या मुख्य नोंदवहीत) नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल (जुनी नोंद इतरांनी किती वेळ धरून ठेवायची तो काळ) १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस. तेवढ्यापुरतं ते खरं. साधा ए रेकॉर्ड बदलला आणि टीटीएल ३०० असेल तर अठ्ठेचाळीस तास कसले? आधी टीटीएल उतरवा, जुना सर्व्हर दोन दिवस चालू ठेवा, मग हलवा. हे कुणी करत नाही आणि मग देवाला नारळ.

भाषाप्रेमी_लातूर

अवांतर, पण कुणी बोलत नाही म्हणून. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारत मिळतं. मी मराठीत नाव घेतलं. ते व्हॉट्सअॅपवर पाठवायला गेलो की कधीकधी 'एक्सएन' नं सुरू होणारी भुताटकी (त्याच नावाचं इंग्रजी अक्षरांतलं सांकेतिक रूप) दिसते. त्या नावाचा ईमेल अर्धे फॉर्म स्वीकारत नाहीत. आधी हे सोडवा, मग कंपन्या दोन की तीन ते बघू.

कुजकट

भाषाप्रेमी, तुमचं खरं आहे, पण वेगळा धागा काढा. इथे आधीच तीन धागे चाललेत.

निवांत_नाना

काका, पाणीपुरीवाल्याला टीटीएल समजावणार का? आता तर तीन कंपन्या झाल्या. उद्या चौथी सांगाल.

आणि एक. वेगळा रजिस्ट्रार (डोमेन नोंदवून देणारी कंपनी) म्हणजे अमरपट्टा आहे का? २००७ ला रजिस्टरफ्लाय नावाची रजिस्ट्रार कंपनी गाळात गेली, आयकॅननं (डोमेनचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेनं) तिची मान्यता काढली, लाखो नावं गोडॅडी या दुसऱ्या रजिस्ट्रारकडे वळवावी लागली. तेव्हा ज्यांनी 'सातबारा वेगळा' ठेवला होता तेही रांगेतच उभे होते. २०२१ च्या मार्चमध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर जळालं. त्यात ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता ते गेले. डोमेन चंद्रावर ठेवलं असतं तरी काय फरक पडला असता? बॅकअप वेगळा ठेवा एवढं सांगा, मी सही करतो.

खटपट्या

बॅकअप होता म्हणून तर चिडलोय, नाना! बॅकअप हातात, नवा सर्व्हर तयार, आणि पाटी लावता येत नाही. वाचता का नुसतं उत्तर देता?

निवांत_नाना

वाचतो. नियमही वाचतो. डॉट कॉमला रजिस्ट्रारनं मागितल्यापासून पाच दिवसांत ऑथ कोड (डोमेन दुसऱ्या कंपनीकडे हलवायचा परवलीचा कोड) द्यायलाच हवा, आणि पैशाचा वाद आहे एवढ्या कारणानं तो अडवता येत नाही. आयकॅनकडे तक्रार केलीत का? नाही ना. मग.

खटपट्या

नियम मलाही तेव्हाच कळला, सहाव्या दिवशी. पण कोड मिळाला तरी दुसरीकडे हलवायला आणखी पाच दिवस जाऊ शकतात. पाच आणि पाच दहा. ऐन सीझनात. आणि ते डोमेन डॉट इन असतं तर आयकॅनकडे जाऊन उपयोग काय, तिथे निक्सीचं (डॉट इन सांभाळणाऱ्या भारतीय संस्थेचं) राज्य. नियम असणं आणि मे महिन्यात नियम उपयोगी पडणं यात फरक आहे.

चंद्रपूरकर

दोघांच्याही भांडणात खरा खलनायक राहिला. १ ऑक्टोबर २०२१. रिझर्व्ह बँकेचे कार्डावरून आपोआप पैसे कापायचे नवे नियम लागू झाले. माझं डोमेन परदेशी रजिस्ट्रारकडे, होस्टिंग इथे. होस्टिंगचं रिन्यूअल यूपीआयनं झालं, डोमेनचं ऑटो-रिन्यू कार्डावर चुपचाप फसलं. मी निवांत, कारण 'ऑटो' लिहिलं होतं ना. डिसेंबरात साइटच्या जागी जाहिराती. नशीब, मुदत संपल्यानंतरच्या सवलतीच्या दिवसांत होतो. तीस दिवसांच्या रिडेम्पशनमध्ये (नाव सोडवून घ्यायच्या शेवटच्या मुदतीत) गेलं असतं तर दंडासकट हजारांत पडलं असतं. त्यानंतर पाच दिवस, आणि मग कुणीही उचलावं.

आता पाच-पाच वर्षांचं एकदम भरतो. वेगळी कंपनी ठेवा, पण आपल्या बँकेचं ऐकणारी ठेवा.

सोलापुरी_चादर

कंपनी एक की दोन हा प्रश्न ज्यांच्या नावावर डोमेन आहे त्यांना. आमचं तर वेब डिझायनरच्या नावावर निघालं! सहा वर्षांनी कळलं. साइट दुसऱ्याकडून करून घ्यायची म्हटल्यावर हा म्हणतो नाव माझ्या खात्यात आहे, पंचवीस हजार द्या. सातबारा भाडेकरूच्या नावावर, बोला. हे सगळे डिझायनर एका माळेचे मणी.

पिक्सेलवाली

झालं? माळ ओवून झाली का?

मी नाशिकची, अकरा वर्षं साइट करते. माझ्या खात्यात आज सदतीस क्लायंटांची डोमेन आहेत आणि त्यातलं एकही मला नकोय. का आहेत ते ऐका. पहिल्या दिवशी सांगते, तुमच्या ईमेलनं खातं उघडा. 'ताई तुम्हीच करा ना, आम्हाला त्यातलं कळत नाही.' ईमेल द्या म्हटलं तर मुलाचा देतात, मुलगा पुण्याला, तो मेल बघत नाही. कार्ड द्या म्हटलं तर 'रोख देतो'. ते रोख पुढच्या दिवाळीला. दरवर्षी नऊशे-हजार रुपये मी माझ्या कार्डावरून भरते, कारण नाही भरलं तर साइट बंद पडल्यावर शिव्या मलाच. एका मंगल कार्यालयाचे चार वर्षांचे येणे आहेत. पंचवीस हजार मागणारा चोर आहे हे मान्य. पण तीन हजार सहाशे बुडवणाऱ्यांना काय म्हणायचं?

सोलापुरी_चादर

म्हणून नाव स्वतःच्या खात्यात ठेवायचं? भाडं थकलं म्हणून घरमालक घर विकतो का?

पिक्सेलवाली

मालक मी नाही म्हणूनच सांगतेय! न्या हो तुमचं डोमेन, कोड देते, आजच. घ्यायला कुणी येत नाही.

रूट_काका

पिक्सेलताई, रागावू नका, पण एक गोष्ट तुमच्या हातात होती. खातं तुमचं असलं तरी रजिस्ट्रंट (डोमेनचा नोंदणीकृत मालक) म्हणून नाव आणि ईमेल क्लायंटचा टाकता येतो. २०१८ पासून हूइजमध्ये (डोमेन कुणाचं ते शोधायच्या सार्वजनिक नोंदीत) बाहेरच्यांना मालकाचा तपशील सहसा दिसत नाही, त्यामुळे क्लायंटला घरबसल्या तपासताही येत नाही. तुमच्यासारख्या सज्जन बाईला उद्या काही झालं तर सदतीस धंदे एका ईमेलवर लटकणार.

आणि सगळ्यांनाच विचारतो. डोमेनच्या खात्यावर ईमेल कुठला दिलाय? मी बघितलेल्या दहांपैकी निम्म्यांचा 'इन्फो अॅट' त्याच डोमेनचा असतो. मुदत संपायच्या आधी साधारण एक महिना आणि एक आठवडा अशा दोन सूचना रजिस्ट्रारला पाठवाव्याच लागतात, संपल्यावर पाच दिवसांत आणखी एक. डोमेन बंद पडलं तर मेलही बंद, मग तिसरी सूचना आणि पासवर्ड बदलायची लिंक जाणार कुठे? किल्ली आत आणि लॅच लागलेलं. मग कंपनी एक ठेवा नाहीतर अकरा.

खटपट्या

काका, हे जरा लागलं. मेहुण्याचा ईमेल तसाच होता. म्हणजे त्या अकरा दिवसांतले काही माझ्या खात्यावर जमा. पण फक्त काही.

निवांत_नाना

अहाहा! चला, खटपट्याभाऊंनी 'काही' मान्य केलं. तारीख लिहून ठेवतो.

आता माझंही ऐका. आत्ता जाऊन बघितलं. माझ्या चौदा वर्षं निवांत असलेल्या खात्यावर ईमेल आहे तो २०११ मध्ये सोडलेल्या नोकरीचा. बदलला. बदलताना कोड त्याच जुन्या पत्त्यावर गेला, मग सपोर्टला फोन, आधारची प्रत, दीड तास. आणि हो, आता ६० दिवस डोमेन दुसरीकडे हलवता येणार नाही असंही त्यांनी सांगितलं. म्हणजे हलवायचं मनात आलं असतं तरी दोन महिने घरातच. यावरून तुमचं बरोबर ठरतं असं मी म्हणत नाही. माझी कंपनी एकच राहणार. पण एका फोननं काम झालं हे विसरू नका, दोन ठिकाणी असतं तर तीन तास लागले असते.

कुजकट

नानांनी हेल्मेटचा बंद लावला. इतिहासात नोंद व्हावी.

खटपट्या

नाना, साठ दिवसांनी या. चहा माझ्याकडून, आंबे मेहुण्याकडून.

निवांत_नाना

आंबे चालतील. रजिस्ट्रार नको.

पिक्सेलवाली

काकांचं पटलं नाही असं नाही. आज सकाळपासून सदतीसांना फोन लावतेय, तुमच्या नावानं खातं काढून डोमेन तिकडे ढकलते म्हणून. नऊ जणांनी उचलला. एका डॉक्टरांना म्हटलं, तुमच्या मोबाइलवर ओटीपी येईल तो सांगा, पुढच्या मिनिटाला डोमेन तुमचं. ते म्हणाले, "ताई, बँकेनं बजावून सांगितलंय, ओटीपी कुणालाही द्यायचा नाही," आणि फोन ठेवला.