काळाचौकीच्या गिरणीत साचे (यंत्रमाग) चालावेत की नकोत?

तिसरीपाळी
मुंबईत काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ च्या जागेवर महापालिकेचं वस्त्रोद्योग संग्रहालय व्हायचं आहे. पहिल्या टप्प्यात तलाव, कारंजं आणि प्रकाश-ध्वनीचा खेळ घेतला. माझा आक्षेप या क्रमालाच आहे. गिरण्यांनी तलाव शोभेसाठी राखले नव्हते. इंजिनातली वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी करायला ते लागत. हे कारंजं कसं सांगणार?

आधी साचे बसवा. निदान बारा, धोट्याचे (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या नळीचे) साधे साचे, रोज दोन तास चालू. साचेखात्याची शेड साच्यांच्याच मापाने बांधत. दातेरी (करवतीच्या दातांसारख्या) छपराच्या काचा उत्तरेकडे, कारण थेट ऊन न येता दिवसभर सारखा उजेड पडला तरच तुटलेला ताणा (उभा धागा) नजरेत येतो. विणकाम शक्यतो तळमजल्यावर, कारण शेकडो साच्यांचे हादरे वरच्या मजल्याला झेपत नाहीत. साचे काढले की उरतं ते नुसतं गोदाम, आणि गोदाम भाड्याने द्यायचा मोह कुणालाही होतो. फिनिक्स आणि कमला मिलमध्ये गिरणीची ओळख आता नावापुरती राहिली आहे, ती अशीच.

चुनखडी
भावना मान्य, मागणी अजिबात मान्य नाही. सुती विणकामाला हवेत ७५ ते ८० टक्के आर्द्रता लागते, नाहीतर सूत कोरडं पडून तटातट तुटतं. जुनं कापड, नमुनावह्या, हजेरीपुस्तकं जपायला ५० टक्क्यांच्या आसपास लागते, आणि जुन्या कापडावर उजेड ५० लक्सच्या वर नको. म्हणजे ज्या उत्तरेच्या उजेडाचं कौतुक चाललंय तोच काचपेटीतल्या लुगड्याचा रंग उडवणार. साचा आणि संग्रह एका छपराखाली ठेवलात तर दोन्ही बिघडतील.

त्याआधी छपराचं बघा. दातेरी छपराची दुखरी जागा म्हणजे दोन दातांमधली पन्हळ. तिथे पानं, कबुतरांची घाण साचते, जुलैच्या एका सरीत पाणी तुंबतं आणि पत्र्याखालून आत वळतं. पन्हळीला उतार हवा, दोन्ही टोकांना उतरते पाइप हवेत, आणि पाइप तुंबलाच तर पाणी बाहेर पडेल अशी वरची वाट हवी. भिंतीत चिणलेल्या लोखंडी तुळया खाऱ्या हवेने गंजल्या की गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट फुगतो आणि दगड-वीट आतून फोडतो. त्या भेगा सिमेंटने बुजवणं हा सर्रास होणारा गुन्हा आहे. चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंटमागे ती अडकते, क्षार विटेत जमतात आणि विटेचा दर्शनी थर पापुद्र्यासारखा सुटतो. चुन्याच्या भिंतीचे सांधे भरायला चुनाच.

फणी
चुनखडी, आर्द्रतेचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, पण त्यातून निष्कर्ष चुकीचा काढताय. संग्रह वेगळ्या बंद दालनात, साचे शेडमध्ये, मध्ये दुहेरी दाराची मोकळी खोली. प्रश्न संपला.

बारा साचे मात्र नकोत, सहा पुरेत. साधा साचा मिनिटाला साधारण १८० वेळा धोटा फेकतो. इंचाला ४८ बाणे (आडवे धागे) धरले तर तासाला सव्वासहा वार. ताणा जोडण्यात, कांडी (धोट्यातली सुताची नळी) बदलण्यात जाणारा वेळ वगळून पावणेपाच वार हाती येईल, म्हणजे दोन तासांत एका साच्यावर नऊ-साडेनऊ वार. संग्रहालयाच्या दुकानाला पुरे. साइझिंग (ताण्याला खळ द्यायचं) खातं उभारायची गरज नाही. खळ दिलेले तयार बीम (ताणा गुंडाळलेले रूळ) भिवंडी किंवा इचलकरंजीहून आणता येतील. फक्त पावसाळ्यात बीमचा साठा करू नये, खळीला बुरशी येते. फणी (बाणा ठोकून बसवणारी), धोटे, पिकर (धोट्याला फटका देणारा) हे सुटे भागही अजून तिथे मिळतात. तिथले साधे साचे भंगारात चाललेत, म्हणून आत्ताच घ्यायला हवेत.

खरा धोका धोट्याचा. तो घसरून साच्याबाहेर उडतो तेव्हा डोळा जाऊ शकतो. प्रत्येक साच्याला धोट्याची जाळी आणि प्रेक्षक बाजूला नाही, समोर, मजबूत पारदर्शक पडद्यामागे. आवाज ९५ डेसिबलच्या घरात जातो, तेव्हा कानात बोळे सक्तीचे. अमेरिकेत लॉवेलच्या बूट मिल संग्रहालयात ८८ साचे मांडलेत, एका वेळी त्यातले थोडेच चालवतात आणि येणाऱ्याला बोळे देतात.

गिरणगावकर
तुम्ही दोघं पन्हळ आणि धोट्यावर भांडताय. १८ जानेवारी १९८२ ला संपावर गेलेल्या अडीच लाख कामगारांतले किती जण घराविना गेले? त्या जमिनीवर संग्रहालय कशाला, घरं बांधा.

तिसरीपाळी
राग रास्त आहे, पण तो चुकीच्या जमिनीवर निघतोय. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ प्रमाणे गिरणीच्या जमिनीचा एक हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. घरांचा हिस्सा खाल्ला तो २००१ च्या बदलाने. वाटप पूर्ण जमिनीचं न होता फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीचं झालं, आणि २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. काळाचौकीचा तुकडा महापालिकेच्या वाट्याचा आहे. तिथलं संग्रहालय रद्द केलं तरी घर एकही वाढणार नाही.

गिरणगावकर
ठीक. मग निदान साचे चालवायला कंत्राटदाराची शिकाऊ पोरं ठेवू नका. जॉबर (खात्यातले मुकादम) आणि साचेवाले आज सत्तरीच्या पुढे आहेत. पोरांना ताणा जोडायला त्यांनीच शिकवावं, रीतसर मानधन घेऊन. बदली कामगाराची (गैरहजर माणसाच्या जागी काम मिळेल म्हणून थांबणाऱ्याची) रोजची दाराशी ताटकळ काचपेटीत मावत नाही, ती सांगायला माणूस लागतो.

चुनखडी
याला माझा पूर्ण पाठिंबा. साच्यांना विरोध सोडतो, एका अटीवर: छप्पर आणि पन्हळीवरून एक अख्खा पावसाळा जाऊ द्या, गळती नाही हे बघा, मगच साचे आत न्या. आणि नाटक-गाण्यांसाठी वरचा मजला उघडणार असाल तर आधी तपासणी करा. खुर्च्या पक्क्या नसलेल्या सभागृहाला चौरस मीटरला ५०० किलोचा भार धरावा लागतो. बिडाचा (ओतीव लोखंडाचा) खांब दाब उत्तम घेतो, ताण घेत नाही. वाकण्याआधी तडकतो, सूचना देत नाही.

फणी
अट मान्य. पण साचे आजच विकत घेऊन, तेल-ग्रीस लावून, झाकून ठेवा. दोन पावसाळ्यांनी भिवंडीत ते मिळायचे नाहीत.