म्हशीची गुणसूत्रं ५० ऐवजी ४८, ४७ का भरतात?

ऐरोली_सायटो:
नमस्कार मंडळी. टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) मुलांचा गाय आणि म्हैस यांच्या गुणसूत्रांचा प्रोजेक्ट चालू आहे. तीन मुऱ्हा म्हशी ठाण्याच्या एका तबेल्यातल्या. एक डांगी गोऱ्हा शहापूरकडचा आणि एक एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गोऱ्हा. रक्त पशुवैद्यांनीच काढून दिलं, हेपरिनच्या नळीत.
कृती: ५ मिली आरपीएमआय या पोषक द्रावणात अर्धा मिली रक्त, १० टक्के सीरम, पेशी विभागायला लावणारं पीएचए, ३७ अंशांवर ७२ तास. शेवटचे दोन तास पेशीविभाजन मध्येच थांबवणारं कोल्सेमिड. मग पेशी फुगवायला ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइड ३० मिनिटं, फिक्सेटिव्ह म्हणून मिथेनॉल आणि ॲसिटिक ॲसिड ३:१, शेवटी गीम्सा रंग.
म्हशीच्या ४० पेशी मोजल्या तर ५० भरलेल्या १७च. बाकी ४९, ४८, ४७, क्वचित ४५. ५०च्या वर एकही नाही. दुसरं, एचएफच्या गोऱ्ह्यात वाय हे नराचं लिंगगुणसूत्र लगेच सापडतं, डांगी या देशी जातीच्या गोऱ्ह्यात काही केल्या सापडत नाही. आणि मुलं विचारतात, गायीची ६०, म्हशीची ५०, मग १० गुणसूत्रांवरची जनुकं गेली कुठे?

कळवा_खाडी:
म्हैस ५०चीच आहे, गुणसूत्रं स्लाइडवर सांडताहेत. सगळा चुकार आकडा खालच्या बाजूला आहे, हीच त्याची खूण. पेशी फुटून एखाददुसरं गुणसूत्र वाहून गेलं की आकडा घटतो. वाढायला शेजारच्या पेशीतलं आत यावं लागतं आणि ते फार कमी वेळा होतं.
कारणं दोन दिसतात. पोटॅशियम क्लोराइड ३० मिनिटं जास्त आहे, १५ ते १८वर आणा. द्रावण ३७ अंशांवर आधीच गरम करून ठेवा आणि लिटरला ५.६ ग्रॅम हे प्रमाण पुन्हा तपासा, पातळ झालं असेल तर पेशी आणखी लवकर फुटतात. दुसरं कारण आपली हवा. स्प्रेड, म्हणजे एका पेशीतली गुणसूत्रं स्लाइडवर, कशी पसरतील हे फिक्सेटिव्ह किती वेगाने सुकतं यावर ठरतं. साधारण २५ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला ते नीट जमतं. जुलैत ठाणे-ऐरोलीत आर्द्रता ८०च्या वर असते, थेंब सुकायला वेळ लागतो आणि पेशी ताणली जाऊन फुटते. एसी तासभर आधी लावा, आर्द्रतामापक टेबलावरच ठेवा आणि थेंब हातभर उंचीवरून न टाकता चार-पाच सेंटिमीटरवरून टाका. एसीने हवा फारच कोरडी झाली तर उलट त्रास होतो, गुणसूत्रं एकमेकांवर चढतात. तेव्हा स्लाइडवर नुसती तोंडाची वाफ सोडली तरी पुरते.
फिक्सेटिव्ह रोज ताजं करा, तेही वापरण्याआधी अर्धा तास. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात कालचं फिक्सेटिव्ह वापरलं की पेशीद्रव्याचा धुरकट थर राहतो आणि बारीक गुणसूत्रं त्याखाली हरवतात.
कोल्सेमिड एक तासावर आणा, अंतिम प्रमाण मिलिलिटरला ०.१ मायक्रोग्रॅम. दोन तासांत गुणसूत्रं आखडून बुटकी होतात, मग भुजा, म्हणजे सेंट्रोमिअर या सांध्याच्या दोन बाजूंचे भाग, ओळखता येत नाहीत. पुढच्या प्रश्नाला भुजाच लागणार आहेत.

खोपट_पशुधन:
मुलांचा प्रश्न फार चांगला आहे. त्यांना गुणसूत्रं मोजायला न लावता भुजा मोजायला लावा, लिंगगुणसूत्रं बाजूला ठेवून.
गायीत २९ जोड्या, सगळ्या ॲक्रोसेंट्रिक, म्हणजे सेंट्रोमिअर टोकाजवळ असल्याने प्रत्येकी एकच ठळक भुजा. एकूण ५८. म्हशीत २४ जोड्या. त्यातल्या ५ जोड्या दोन भुजांच्या, म्हणजे १० गुणसूत्रांच्या २० भुजा. उरलेल्या १९ जोड्यांच्या ३८. बेरीज पुन्हा ५८. गायीसारख्या मांडणीतली दोन-दोन गुणसूत्रं सेंट्रोमिअरपाशी जुळून म्हशीतलं एकेक मोठं झालं आणि असं पाच जोड्यांत घडलं. जनुकं जागेवरच आहेत. मेंढीची ५४ घ्या: तीन जोड्या जुळलेल्या, १२ आणि ४६ मिळून ५८च. हा हिशेब मुलांनी फळ्यावर स्वतः मांडावा, विसरणार नाहीत.
आता उलट टोक. शेळीचीही गुणसूत्रं ६०, ती दिसायलाही गायीच्या गुणसूत्रांसारखीच, पण म्हणून शेळी गायीच्या जवळची होत नाही. गव्याची ५८ असून त्याचा गायीशी संकर होतो, मादी व्यायते, नर वांझ निघतो. तेव्हा आकड्यावरून नातं ठरवू नका. एका जातीच्या आतही असा जोड दिसतो. १९६४मध्ये स्वीडनमध्ये गायींत पहिलं आणि एकोणतिसावं गुणसूत्र जुळलेलं नोंदवलं गेलं. असं जनावर ५९वर धडधाकट असतं, फक्त गाभ राहण्याचं प्रमाण उतरतं. म्हणूनच वीर्य केंद्रात घेण्याआधी वळूची गुणसूत्रं तपासतात.
वायचं उत्तर सरळ आहे. युरोपीय गायींचा वाय बारीक पण दोन भुजांचा, गर्दीत उठून दिसतो. आपल्या वशिंडाच्या गायींचा वाय ॲक्रोसेंट्रिक, सगळ्यांत लहान गुणसूत्रांसारखाच. साध्या गीम्सावर तो सापडणार नाही, बँडिंग, म्हणजे गुणसूत्रांवर पट्टे उठवणारं रंगकाम, करावं लागेल. तुमच्या संकरित गोऱ्ह्याची बापाकडची ओळ युरोपीय, हे त्या वायनेच सिद्ध झालं. गायीचा एक्स मात्र दोन्हींत मोठा आणि दोन भुजांचा, आणि म्हशीचा एक्स हा सर्वांत मोठा ॲक्रोसेंट्रिक, तो आधी शोधा.

ऐरोली_सायटो:
मनापासून आभार. एक शंका उरते. ईशान्येकडच्या दलदली म्हशीची ४८ असतात ना? मग ४८च्या पेशी सांडलेल्या की खऱ्या, हे कसं ठरवायचं?

खोपट_पशुधन:
पुन्हा भुजांवरून. दलदली म्हशीत चौथं आणि नववं गुणसूत्र टोकाला टोक लागून जुळलेलं आहे. तिथे एक सेंट्रोमिअर निकामी होतं, त्यामुळे भुजांची बेरीज ५६ येते आणि एक जोडी बाकीच्यांहून ठळक लांब दिसते. ती जोडी प्रत्येक पेशीत दिसली तरच खरं ४८. सांडलेल्या पेशीत दर वेळी वेगळंच गुणसूत्र गायब असतं. मुऱ्हा, जाफराबादी, पंढरपुरी या सगळ्या नदी प्रकारच्या, ५०च्या. दोन प्रकारांच्या संकराची ४९ भरतात आणि ती पिल्लं पुढे वितात.

येऊर_पायथा:
टोकाला टोक जुळण्याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण येऊरच्या जंगलात भुंकत फिरतं, ते म्हणजे भेकर. भारतीय भेकराच्या मादीत ६ आणि नरात ७ गुणसूत्रं, हे १९७०मध्ये वुर्स्टर आणि बेनिर्श्के यांनी दाखवलं. चिनी भेकराची ४६. दोन्ही शेजारी ठेवली तर एकाच कुळातली वाटतात, पण पेशीत एवढा फरक. भेकराचे नमुने गोळा करायला जाऊ नका, वनखात्याची लेखी परवानगी लागते. मुलांना चित्रावरूनच दाखवा.

कळवा_खाडी:
एक राहिलं. पुढच्या वेळी कालवडीचं रक्त घेणार असाल तर ती जुळी आहे का, हे गोठ्यात विचारून घ्या. गोऱ्ह्याबरोबर जन्मलेल्या कालवडीच्या रक्तात भावाच्या पेशीही मिसळलेल्या असतात, कारण गर्भात दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जुळतात. मग एकाच स्लाइडवर दोन एक्सच्या आणि एक्स-वायच्या पेशी दिसतात आणि मुलं नमुने अदलाबदल झाले म्हणून सगळं फेकून देतात. अशी कालवड बहुतेक वेळा वांझ असते. आणि हेपरिनचीच नळी चालू ठेवा. जांभळ्या टोपणाच्या नळीतलं ईडीटीए कॅल्शियम धरून ठेवतं, लिम्फोसाइट (विभागणाऱ्या पांढऱ्या पेशी) विभागतच नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी हाती काहीच लागत नाही.