कडकनाथ नर, बॉयलर मादी: तलंगा काळ्या, नर फिके कसे?

कळमेश्वररोडवाला:
भाऊ, काही समजून नाही राहिलं. मागच्या हिवाळ्यात बॉयलरचा लॉट विकताना 6 माद्या ठेवून घेतल्या. दाणा मोजून मोजून दिला, नाहीतर ह्या अंड्यावर यायच्या आधीच चरबीनं बसतात. त्यांच्यात कडकनाथचा नर सोडला. 31 पिल्लं जगली.

8 आठवड्यांनी काट्यावर घातली तर 1100 ते 1300 ग्रॅम. नुसता कडकनाथ एवढ्या वयात अर्धा किलो भरला तरी खूप. वजनावर मी खूश.

पण रंग! 14 तलंगा, म्हणजे तरण्या माद्या, पायापासून तुऱ्यापर्यंत काळ्या. 17 नर मात्र मळकट पांढऱ्या पायांचे. एक सोलून पाहिला, कातडी फिकी, हाडांवर तेवढी राखेसारखी झाक. नागपुरात महाल भागातला सावजीवाला हातात धरून म्हणाला, "हा कडकनाथ नाही बाप्पा, उन्हात रापलेला बॉयलर आहे." सगळे नर परत.

ज्यानं नर दिला तो शुद्ध असल्याची शपथ घेते. त्यानं फसवलं का? आणि मे महिन्यात त्या 6 मधल्या 2 माद्या भर दुपारी धापा टाकत मेल्या, म्हणून आता उलटं करावं म्हणतो. माद्या कडकनाथच्या, नर बॉयलरचा. चालेल?

सेमिनरीहिल्स_व्हेट:
नरवाल्याला शिव्या देऊ नका, त्याचा माल शुद्धच दिसतो. तुमच्या 14-17 च्या हिशोबातच उत्तर आहे.

काळेपणाचा मुख्य जनुक 20 व्या गुणसूत्रावर असतो, बापाकडून एक प्रत आली तरी पुरते. ती सगळ्या 31 पिल्लांत आहे, म्हणून नरांची हाडंही राखाडी निघाली. पण कातडीतला काळा रंग दाबणारा दुसरा एक जनुक झेड या नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतो. बॉयलरमध्ये तो असतो, कडकनाथमध्ये नाही. कोंबड्यांत नराला दोन झेड, मादीला एकच, आणि तो एक बापाकडूनच येतो. तुमच्या तलंगांना आईचा झेड मिळालाच नाही, म्हणून काळ्या. नरांना मिळाला, म्हणून फिके. काळ्या कातडीच्या रेशमी कोंबडीच्या संकरात बेटसन आणि पनेट या शास्त्रज्ञांना 1911 च्या सुमारास हेच दिसलं होतं.

आता उलटं केलंत तर बॉयलर बापाचा झेड मुलामुलींना सगळ्यांनाच जाणार. एकही पिल्लू नीट काळं होणार नाही. करू नका.

उमरेडकर_काका:
व्हेटसाहेब बरोबर. मी पुढचा उपद्व्यापही करून बसलो आहे, तो सांगतो. ह्याच संकराचे नर-मादी आपसात लावले. दुसऱ्या पिढीत एक 600 ग्रॅमचं, शेजारचं दीड किलोचं, वय तेच. दाणा कोणाच्या हिशोबानं घालायचा?

सेमिनरीहिल्स_व्हेट:
काका, ते होणारच. वजन एका जनुकावर नाही, शेकडो जनुकांच्या थोड्याथोड्या जोरावर असतं. पहिल्या पिढीत प्रत्येकाला दोन्हीकडून अर्धं-अर्धं, म्हणून माल एकसारखा. दुसरीत पत्ते पिसले जातात. त्यात बाजारातला बॉयलर मुळातच चार वंशांचा संकर, बापाकडे कॉर्निश जात, आईकडे प्लायमाउथ रॉक. रंगाचंही तसंच, दुसऱ्या पिढीत 8 पैकी साधारण 3 च काळी निघतात.

उमरेडकर_काका:
म्हणजे दर खेपेला नव्यानं संकर. कळमेश्वरवाले, उन्हाचं म्हणाल तर उघड्या मानेची कोंबडी शोधा. त्या जनुकाची एक प्रत असली तरी पिसं पाचव्या हिश्श्यानं कमी, दोन असल्या तर 40 टक्क्यांच्या आसपास. आपल्या 45 अंशांत फरक पडते. आणि एक, ह्या तलंगा कडकनाथ म्हणून विकू नका. झाबुआच्या कडकनाथला 2018 पासून भौगोलिक मानांकन आहे.

कळमेश्वररोडवाला:
कडकनाथ म्हणून नाही विकत काका, 'काळी संकरित' म्हणतो. आज सकाळी 4 आठवड्यांची नवी बॅच पाय बघून वेगळी केली, काळ्या एका खुराड्यात, पांढरे दुसऱ्यात. पांढऱ्यांना गावरान म्हणून काटोलच्या बाजारात कोणी घेते का, ते रविवारी पाहतो.

उमरेडकर_काका:
गावरान म्हणून? आत्ताच काय बोललो मी!