तिसरीच्या मुलांना भावना ओळखायला कसे शिकवावे? मदत हवी आहे

नमस्कार. मी ठाण्यात एका मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते. मधल्या सुट्टीत नळाच्या रांगेत जरासा धक्का लागला, तरी मुले हमरीतुमरीवर येतात आणि नंतर शांतपणे विचारले असता ‘त्याने आधी केले’ यापलीकडे कोणालाच काही सांगता येत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सामाजिक-भावनिक शिक्षणाचा उल्लेख आहे. याच शिक्षणासाठी अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘कासेल’ संस्थेने मांडलेली स्वतःची जाणीव, स्वतःवर नियंत्रण, इतरांची जाणीव, नातेसंबंध आणि जबाबदार निर्णय ही पाच कौशल्येही मी वाचली आहेत. मात्र त्यांतले वर्गात नेमके काय उतरवावे, हे उमगत नाही.

हजेरीच्या वेळी ‘हजर’ म्हणण्याऐवजी प्रत्येकाने आपल्या मनःस्थितीचा एक शब्द सांगावा, असा प्रयोग मी केला. हिरमुसणे, ओशाळणे, चडफडणे असे नेमके शब्द आपल्या भाषेत असताना (मुलांकडे एरवी मात्र ‘राग’ हा एकच!) पहिल्या आठवड्यात ते आनंदाने वापरले गेले, दुसऱ्या आठवड्यात मात्र सगळे ‘मस्त’ म्हणून मोकळे होऊ लागले.

हा प्रयोग यांत्रिक होऊ नये म्हणून आपण काय करता? भांडणानंतर ‘सॉरी म्हण’ असा आग्रह न धरता समेट कसा घडवता? ‘मुलगा असून रडतोस काय’ असे सर्वांसमोर म्हणणाऱ्या पालकांशी, त्यांना न दुखावता, कसे बोलावे? प्रत्यक्ष वर्गात करून पाहिलेले उपाय कळवावेत, ही विनंती.