मदत हवी आहे: कड्यावरून फेकलेल्या चेंडूचा पल्ला ४५ अंशांना सर्वाधिक का येत नाही?

नमस्कार.

प्रक्षेप्य गतीची उदाहरणे सोडवताना वेगाचे क्षितिजसमांतर आणि उभा असे दोन घटक पाडायचे, दोन्ही दिशांची समीकरणे स्वतंत्रपणे मांडायची आणि काळाच्या आधारे ती जोडायची, ही रीत मला समजते. सपाट जमिनीवरच्या उदाहरणांत ती कुठेही अडत नाही. माझा प्रश्न पुढील उदाहरणातून निर्माण झाला आहे.

जमिनीपासून १५ मीटर उंच असलेल्या कड्यावरून एक चेंडू २० मीटर प्रति सेकंद वेगाने, क्षितिजाशी ३० अंशांचा कोन करून वरच्या दिशेने फेकला आहे. हवेचा विरोध नगण्य असून गुरुत्व त्वरण १० मीटर प्रति सेकंद वर्ग धरायचे आहे. येथे वेगाचा उभा घटक १० आणि क्षितिजसमांतर घटक १७.३२ येतो. वरची दिशा धन मानल्यास उभे विस्थापन उणे १५ मीटर होते आणि काळाच्या वर्गसमीकरणाची ३ व उणे १ अशी दोन मुळे मिळतात. (ऋण मूळ आपण सोडून देतो, पण तेही निरर्थक नाही: चेंडू जमिनीवरून निघून याच अन्वस्तावरून आला असता, तर तो कड्यापाशी पोहोचण्याच्या १ सेकंद आधी जमिनीवर असता.) म्हणून पल्ला ५१.९६ मीटर.

आता कोन ४५ अंश घेतला, तर दोन्ही घटक १४.१४ होतात, काळ ३.६५ सेकंद लागतो आणि पल्ला ५१.६२ मीटर, म्हणजे आधीपेक्षा कमी भरतो. कोन वाढवल्याने चेंडू हवेत जास्त वेळ राहतो, परंतु क्षितिजसमांतर घटक त्याहून अधिक प्रमाणात घटतो, एवढे कारण मला दिसते. निरनिराळे कोन घेऊन पाहता सुमारे ३७ अंशांना पल्ला सर्वाधिक, ५२.९ मीटर येतो.

मला खरे कुतूहल याच्या पुढचे आहे. जमिनीवर आदळतानाच्या वेगाचे परिमाण प्रत्येक वेळी २६.४६ मीटर प्रति सेकंदच येते. ऊर्जा अक्षय्यतेमुळे ते तसे यायलाच हवे. मात्र फेकण्याचा कोन आणि आदळण्याचा कोन यांची बेरीज ३० अंशांच्या वेळी सुमारे ७९, ४५ अंशांच्या वेळी सुमारे १०३, आणि सर्वाधिक पल्ल्याच्या वेळी जवळजवळ नेमकी ९० अंश येते. सपाट जमिनीवरही ४५ आणि ४५ मिळून ९० अंशच होतात. याचा अर्थ, आरंभीचा आणि अंतिम वेग परस्परांना लंब असतात तेव्हाच पल्ला सर्वाधिक मिळतो, असा घ्यावा का?

तसे असल्यास, कलनाचा आधार न घेता, केवळ वेगाच्या घटकांवरून हे सिद्ध कसे करावे, हे कृपया पायरीपायरीने सांगावे. चेंडू फेकण्याच्या जागेपेक्षा उंच असलेल्या सपाट पृष्ठभागावर पडत असेल, तर हाच नियम लागू होतो का, हेही जाणून घ्यायचे आहे.